वजनकाटा गावाच्या हाती
जामखेडच्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

१९७१ साली जामखेड परिसरातल्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाची होण्याआधीच दगावत होती. म्हणजे साधारण दर सहा बाळांमागे एक. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी चाळीस कुपोषित होती. लस टोचलेले मूल शंभरात एकही सापडणे कठीण होते आणि बाळंतपणाला प्रशिक्षित हात लाभणेही तितकेच दुर्मीळ. आज या संस्थेबद्दल जे काही सांगायचे, ते या आकड्यांपासून सुरू करावे लागते.

तालुका इतिहासाला अनोळखी नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले, आणि १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवले ते खर्डाही इथलेच. पाऊस मात्र या भागाकडे पाठ फिरवूनच असतो. पर्जन्यछायेचा प्रदेश, हलकी जमीन, ज्वारी-बाजरी-हुलग्यांची पिके आणि दसरा सरला की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे हे टोक बीडच्या हद्दीला टेकलेले आहे. जिल्ह्याच्या गावापासूनही दूर, सोयींपासूनही दूर.

ही संस्था उभारणारे डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्याचे, शिक्षकाच्या घरातले. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांचे माहेर जबलपूरचे. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. १९६० मध्ये लग्न करताना दोघांनी मिळून ठरवले की आयुष्य खेड्यातल्या उपेक्षितांसाठी घालवायचे. पुढची काही वर्षे त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. रुग्णांची रीघ होती, काम चोख होते, आणि तरीही दोघे अस्वस्थ होते. जुलाबाने सुकलेले मूल सलाइन लावून बरे करावे, आईच्या कडेवर घरी पाठवावे आणि काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा तसेच परत यावे. बहुतेक आजार मुळातच टाळता येण्याजोगे होते. रुग्णालयाच्या भिंतीआड बसून ते टळणार नव्हते, हेही तितकेच उघड होते.

मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले. वैद्यक आणि शल्यचिकित्सेचे पुढचे शिक्षण झाले आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे. तिथे त्यांना गुरू भेटले ते डॉ. कार्ल टेलर. मसुरीत जन्मलेले, भारतात वाढलेले आणि पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत बालआरोग्याचे प्रयोग करणारे टेलर पुढे जामखेडचे आयुष्यभराचे मित्र झाले. १९७० मध्ये आरोळे दांपत्य परतले, ते थेट जामखेडला.

सुरुवात दवाखान्यानेच झाली. लोकांना डॉक्टर हवा होता, म्हणून डॉक्टरांनी आधी डॉक्टरकी केली. त्यातून विश्वास बसला. पण गावात जाऊन लोकांना विचारले की तुम्हाला सर्वांत जास्त काय नडते, तेव्हा आरोग्य हे उत्तर क्वचितच येई. पाणी नडते, धान्य नडते, जनावरांचा चारा नडतो. दुसऱ्या कोणी हे ऐकून लोकांच्या अज्ञानावर बोट ठेवले असते. आरोळ्यांनी ते उत्तर जसेच्या तसे मानले आणि कामाचा क्रम त्यावरून लावला. या संस्थेच्या साऱ्या इतिहासात आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो कुठल्याही ठरावात नोंदलेला नाही.

गावात माणसे जमवायची तर जात आडवी येई. सभा बोलावली की एकाच आळीतले लोक येत. डॉ. रजनीकांत यांनी गावोगाव व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात केली. जाळे बांधले, चेंडू वर गेला की पोरे आपसूक गोळा होत आणि पाहायला आलेली मोठी माणसेही रेंगाळत. खेळ संपला की गप्पा. या गप्पांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. विषय शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे होते: बियाणे, बांधबंदिस्ती, दुभत्या जनावरांचे आजार. लस टोचलेले वासरू जगते हे ज्याला पटले, त्याच्याशी लेकराच्या लसीबद्दल बोलणे सोपे झाले. पुढे याच मंडळांतले तरुण गावाची पाहणी करू लागले. कोणाच्या घरचे मूल खंगले आहे, कोणाला खोकला आहे, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, हे नोंदवायला ते शिकले. मूल हा बायकांचा विषय, ही समजूत इथून सैल होऊ लागली.

तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला. महाराष्ट्रातल्या त्या पिढीला खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो अजून आठवते. जामखेडच्या गावांत मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. धान्य बाहेरून आले, पण जळण, भांडी, पाणी आणि रांधणारे हात गावाने द्यायचे, अशी रीत होती. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसणार, ही अट होती. काही घरांनी आधी नाक मुरडले. लेकराची भूक समोर असताना ते फार काळ टिकले नाही.

याच काळात कूपनलिका खोदण्याचे काम निघाले. जागा निवडताना आरोळ्यांनी भूजलतज्ज्ञाला सांगितले की पाणी शोधा, पण दलित वस्तीत शोधा. गावाच्या विहिरीवर ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या दारात हातपंप बसला आणि साऱ्या गावाला घागर घेऊन तिथे जावे लागले. आरोळे दांपत्याने हा प्रसंग पुढे आपल्या ‘जामखेड’ या इंग्रजी पुस्तकात (१९९४) नोंदवला आहे. बालपोषणाच्या दृष्टीने या हातपंपांचे मोल किती, हे नीट समजून घ्यायला हवे. मूल खंगते ते केवळ कमी जेवल्याने नव्हे. गढूळ पाण्याने जुलाब होतात, जुलाबात भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, दुबळे शरीर पुढच्या आजाराला लवकर बळी पडते आणि त्या आजारात वजन आणखी उतरते. हे चक्र पाण्यापाशी तोडले की तीच भाकरी, तेच कालवण मुलाच्या अंगी लागू लागते.

बाहेरून आलेले धान्य कधी ना कधी संपणार, हे सर्वांना दिसत होते. काही गावांत शेतकऱ्यांनी मुलांच्या आहारासाठी आपल्या जमिनीचा तुकडा काढून दिला. वाटपाचा कार्यक्रम गावाच्या हाती गेला तो असा, मातीतून.

एका आघाडीवर मात्र संस्थेला लवकरच हात टेकावे लागले. गावोगाव राहून काम करावे म्हणून प्रशिक्षित परिचारिका नेमल्या होत्या. एकट्या तरुण मुलीला परक्या गावात राहणे जड जाई, आणि गावालाही ती परकीच वाटे. तिचे शहरी कपडे, तिची भाषा, तिचे अविवाहित असणे, सगळ्याचीच चर्चा व्हायची. तिचा सल्ला तेवढा कोणी ऐकत नसे. तेव्हा एका सरपंचाने सुचवले की बाहेरची मुलगी कशाला, आमच्याच गावातली बाई शिकवा. सूचना साधी होती, आणि तिनेच संस्थेची दिशा बदलली.

गावांनी आरोग्य सेविका म्हणून निवडलेल्या या बायका बहुतेक निरक्षर होत्या. अनेक दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. बहुतेकींनी स्वतःची मुले गमावलेली. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत, जमिनीवर शेजारी शेजारी बसून शिकत. वही-पुस्तक नव्हते, म्हणून सारे शिक्षण बोलण्यातून, पाहण्यातून आणि करून बघण्यातून. एका आठवड्यात शिकलेले गावात करून पाहायचे आणि पुढच्या आठवड्यात काय झाले ते सर्वांसमोर सांगायचे. पगार नव्हता. पोट भरायला बांगड्या विकणे, शेळ्या पाळणे यांसारख्या उद्योगांना संस्थेने मदत केली. पगारी नोकर झाली तर ती संस्थेची होईल आणि गावाची राहणार नाही, ही त्यामागची भूमिका. या भूमिकेवर पुढे वाद झाले आणि ते होणे रास्तच आहे. गरीब बाईच्या कष्टाला दाम हवाच. पण त्या काळात त्या गावांत या बायकांना जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात या भूमिकेचाही वाटा होता, हे नाकारता येत नाही.

त्यांच्यापुढचे काम डोंगराएवढे होते. गरोदरपणी कमी खावे, म्हणजे मूल लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते, अशी पक्की समजूत. बाळ जन्मले की आईचा पहिला घट्ट, पिवळसर चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला दोन-तीन दिवस गुळाच्या पाण्यावर ठेवायचे. उष्टावण झाली तरी वर्ष-दीड वर्ष बाळाचा मुख्य आधार अंगावरचे दूधच. जुलाब लागले की पाणी तोडायचे. गोवर आला की देवी आली, म्हणून औषध नाही. घरात बाई सर्वांत शेवटी जेवणार आणि भांड्यात उरेल ते खाणार. यातली एकेक गोष्ट बाळाच्या वजनातून काहीतरी कापून नेत होती.

गावची सेविका हे सगळे स्वतः जगलेली होती. म्हणून ती कोणाला मूर्ख ठरवत नव्हती. सुनेला सांगायचे तर सासूला धरून सांगावे लागते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. चीक हे बाळाचे पहिले औषध आहे, तासाभरात बाळाला छातीशी लाव, हे ती बाळंतिणीच्या खाटेशी बसून सांगे, कारण बाळंतपणाला तीच हजर असे. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे, हे ती चुलीपाशी करून दाखवी. सहा महिन्यांच्या बाळाला भाकरी डाळीत कुस्करून, वर थोडे तेल घालून भरवायची; पोट लहान असते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा. शेंगदाणा, हुलगा, मटकी, शेवग्याचा पाला, तांदूळजा, पपई. यातले काहीच विकत आणावे लागत नव्हते, किंवा फार थोडे आणावे लागत होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात चार वाफे भाजी आणि एक पपई येते, हे गावांनी करून पाहिले.

आणि वजन. कुपोषण वाढत जाते ते आईला दिसत नाही, कारण ती मुलाला रोज पाहते आणि शेजारची मुलेही तशीच असतात. काट्यावर ते दिसते. महिना दोन महिने वजन जागच्या जागी थबकले की सेविका त्या घरी जाई आणि चौकशी करी: ताप आला होता का, आई मजुरीला जाते तेव्हा बाळाला कोण भरवते, पुन्हा दिवस गेले आहेत का. पुष्कळदा उत्तर आजारात नसून घरच्या परिस्थितीत सापडे. ते मग शेतकरी मंडळात किंवा महिला मंडळात मांडले जाई. एखाद्या आईला कामावर जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर बाळाला पाहणार कोण, हा प्रश्न मग साऱ्या मंडळाचा होई. डॉक्टरने लिहून दिलेल्या चिठ्ठीत असे उपाय बसत नाहीत.

महिला मंडळांनी हे काम पुढे नेले. बचत, छोटी कर्जे, शेळी किंवा शिलाई यंत्र, त्यातून हाती चार पैसे. बाईच्या हाती पैसा आला की तो आधी मुलाच्या ताटात जातो, हा अनुभव गावोगाव आला. मुलींचे वजन मुलांपेक्षा मागे का पडते, हा प्रश्नही याच बैठकांत पुढे आला. पुढे बालविवाह, हुंडा, दारू हे विषयही आले. किशोरवयीन मुलींचे गट सुरू झाले, कारण उद्याच्या बाळाचे वजन आजच्या मुलीच्या रक्तात ठरत असते.

परिणाम दिसायला फार वर्षे लागली नाहीत. १९७६ पर्यंत अर्भकमृत्यूचे प्रमाण १७६ वरून ५२ वर आले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते ३० च्याही खाली गेले आणि कुपोषित मुलांचे प्रमाण शेकडा चाळीसवरून पाचच्या आसपास. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूएल यांच्या संपादनाखाली लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यकार्यांवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तेव्हा जगापुढे असलेल्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सामुदायिक नेतृत्वासाठी. १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण मिळाले. १९८८ मध्ये जामखेडची एक आरोग्य सेविका वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत व्यासपीठावर उभी राहून बोलली. संस्थेच्या दृष्टीने हा सन्मान वरच्या सगळ्यांच्या तोडीचा आहे.

स्मरणिकेत गौरवच असतो असे वाचकाला वाटू शकते, म्हणून एका परीक्षणाचा उल्लेख मुद्दाम करतो. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जामखेडच्या गावांची शेजारच्या गावांशी तुलना प्रसिद्ध झाली. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या वयातला होता. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मात्र ठोस फरक दिसला नाही. आहार, पाणी, लस आणि जुलाबावरचे उपचार यांनी जे साधते ते जामखेडने साधले. नवजात बाळाचा श्वास, त्याचा जंतुसंसर्ग, त्याचे थंड पडणे यांना वेगळे कौशल्य लागते, हे त्यातून स्पष्ट झाले. ते काम महाराष्ट्रातच गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, तेही जॉन्स हॉपकिन्सचेच विद्यार्थी. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८६ पासून काम करून गावातल्याच आरोग्यदूत बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. दोन्ही ठिकाणी भिस्त गावातल्याच बाईवर होती.

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २५ मे २०११ रोजी. कन्या डॉ. शोभा यांनी धुरा पुढे सांभाळली. मधल्या वर्षांत रुग्णालय वाढले, जयपूर फूटची कार्यशाळा आली, खडकतला शेती उभी राहिली, अकोले तालुक्यातल्या भंडारदरा भागातल्या आदिवासी वाड्यांपर्यंत काम पोहोचले. १९९४ मध्ये प्रशिक्षण संस्था रीतसर सुरू झाली. देशातून आणि परदेशांतून डॉक्टर, परिचारिका, अधिकारी तिथे शिकायला येतात, आणि त्यांच्या शिक्षकांत गावच्या आरोग्य सेविका असतात.

सरकारी योजनांनीही यातले काही उचलले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि दर हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती गावागावात आली. त्याआधी २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या होत्याच. माणूस गावातलाच हवा, हे तत्त्व मान्य झाले. दर आठवड्याला तिच्याशी बसून बोलणे, तिला शिकवणे, तिच्याकडून शिकणे मात्र मागे राहिले. आज आशा आणि अंगणवाडी सेविका नोंदवह्या आणि मोबाइलच्या ॲपमध्ये माहिती भरण्यात बुडून जातात, आणि गाव त्यांच्या कामाकडे सरकारी काम म्हणूनच पाहते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. आधीच्या पाहणीत हाच आकडा जवळपास तेवढाच होता. गोदामे, योजना, पाकिटबंद आहार सगळे आहे आणि आकडा जागचा हलत नाही, हे मराठी समाजाने मनाला लावून घ्यावे असे आहे.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल त्यांना विनंती आहे. आपल्या गावच्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजने होतात. त्या दिवशी तिथे जा, सरपंचांना आणि गावातल्या चार बापांनाही सोबत न्या. पुढच्या ग्रामसभेत वजन घटलेली मुले किती हे विचारा. नावे जाहीर करू नका, पण कोणाच्या घरी काय अडले आहे ते सेविकेकडून समजून घ्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हेही विचारा.